बॅज बघून नव्हे, नंबर बघून: जुनी लक्झरी एसयूव्ही घेताना इंजिनाची तपासणी कोणत्या क्रमाने करावी

कोल्हापुरात जुन्या रेंज रोव्हर, डिफेंडर, जी-क्लास, प्राडो, फॉर्च्युनर यांचा बाजार वाढतोय. गाड्या मुंबई, पुणे, गोवा, बेंगळुरू आणि दिल्लीकडून येतात. घेणारा नेहमी तीच चूक करतो: आधी टोकन देतो, मग ओळखीच्या मेस्त्रीला आवाज ऐकायला नेतो, आणि आरसीवरचा इंजिन नंबर थेट ट्रान्सफरच्या वेळी आरटीओत पहिल्यांदा वाचतो. तोवर पैसे गेलेले असतात. गाडी तीच, पण इंजिन दुसऱ्या गाडीचं. किंवा इंजिन मूळचंच, पण पाठीमागचा बॅज, म्हणजे मॉडेलच्या नावाची अक्षरं, वरच्या मॉडेलचा. या दोन्ही गोष्टी टोकन द्यायच्या आधी उघड होतात. त्यासाठी तपासणीचा क्रम सोडायचा नाही.

सुरू करण्यापूर्वी: काय जवळ हवं

चांगला टॉर्च, छोटा आरसा किंवा मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा, पितळी तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) स्वतःचा नसेल तर ज्याच्याकडे त्या ब्रँडचा सविस्तर स्कॅनर आहे असा इलेक्ट्रिशियन बरोबर घ्या. आणि रॅम्प हवा. उद्यमनगरात किंवा वाय. पी. पोवार नगरात तासाभरासाठी रॅम्प देणारं गॅरेज सापडतं. विक्रेत्याने सुचवलेल्या गॅरेजला जाऊ नका. जागा तुम्ही ठरवा.

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा: "गाडी रात्रभर उभी असू दे, सकाळी मी आल्याशिवाय सुरू करू नका." गरम करून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं.

> सावध: "गाडी नाद खुळा आहे, इंजिनला पाना लागलेला नाही, फक्त आजच टोकन द्या" असा आग्रह झाला तर तपासणी पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

टप्पा १. कागद आधी, गाडी नंतर

मूळ आरसी हातात घ्या. फोटो चालणार नाही. त्यातल्या सहा नोंदी वहीत उतरवा: चेसिस नंबर, इंजिन नंबर, क्युबिक कपॅसिटी (सीसी, म्हणजे इंजिनाचा आकार), सिलिंडरची संख्या, इंधन, उत्पादनाचा महिना व वर्ष. हीच माहिती सरकारच्या एमपरिवाहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून ताडून पाहा. अ‍ॅपवर चेसिस-इंजिनचे काही आकडे झाकलेले असतात, म्हणून आरसी लागतेच. कर्जाचा बोजा, इन्शुरन्सची मुदत, कितवा मालक, हेही तिथेच दिसतं.

मग चालू इन्शुरन्स पॉलिसी मागा. पॉलिसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि सीसी छापलेले असतात. आरसी एक सांगते आणि पॉलिसी दुसरं, असं असेल तर तिथेच थांबून खुलासा मागा. मागच्या वर्षांतले क्लेम विचारा. इन्शुरन्स कंपनीचं पत्र किंवा नो क्लेम बोनसचा टक्का बघितला की तोंडी उत्तर खरं की खोटं ते कळतं.

कोल्हापूर, सांगलीकडच्या गाडीला एक प्रश्न जादा विचारावा लागतो: २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत ही गाडी कुठे उभी होती? दोन्ही वेळा पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. पाण्यात बंद पडलेली गाडी कुणी सेल्फ मारून सुरू करायला गेला की सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाम होतं. अशा वेळी नवीन इंजिनाचा खर्च परवडत नाही, म्हणून जुनं इंजिन बसतं. इंजिन बदलल्याची गोष्ट बऱ्याचदा इथून सुरू होते.

परदेशातून आलेली म्हणून विकली जाणारी गाडी असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातीच्या नोंदीचा कागद) मागा. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टम्सने 'नुमखोर' नावाच्या मोहिमेत भूतानमार्गे आणून बनावट कागदांवर नोंदवल्याच्या संशयावरून अनेक महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. त्यांत लँड क्रूझरही होत्या. परराज्यातली नोंदणी बघून घाबरायचं कारण नाही, पण पहिली नोंदणी कुठे झाली तिथपर्यंत कागदांची साखळी अखंड हवी.

टप्पा २. बॅजचा अर्थ आधी घरी बसून लावा

इथे लोक दोन उलट्या चुका करतात. कुणी बॅजवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. कुणी बॅजवरचा आकडा आणि आरसीवरचा सीसी जुळत नाही म्हणून निर्दोष गाडीवर संशय घेतो. बॅजवरचा आकडा म्हणजे इंजिनाचा आकार, हे समीकरण बहुतेक ब्रँडनी कधीच सोडून दिलंय.

मर्सिडीजची जी ६३ एएमजी घ्या. आधीच्या पिढीत ५.५ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८, २०१८ पासून ४.० लिटरचं. बॅज तोच, ६३. त्यामुळे २०१९ च्या जी ६३ च्या आरसीवर ४ हजारांच्या आसपास सीसी असेल तर ते बरोबर आहे. उलट ५.५ लिटरची नोंद सापडली तर प्रश्न विचारा. जी ३५० डी मध्ये ३.५ लिटर काही नाही, साधारण तीन लिटरचं डिझेल आहे. एमएल २५० सीडीआय तर २१४३ सीसीची, चार सिलिंडर.

बीएमडब्ल्यूची एक्स५ एक्सड्राइव्ह३०डी २९९३ सीसीची, आणि ४०आय पेट्रोल २९९८ सीसीची. म्हणजे ३० आणि ४० या दोन्ही आकड्यांमागे तीन लिटरच. 'एम स्पोर्ट' हे सजावटीचं पॅकेज आहे. त्याने गाडी 'एम' होत नाही. तरी एक्स५च्या मागे नुसता 'एम' चिकटवलेला इथे नेहमी दिसतो. ऑडीच्या ४५ टीडीआय, ५५ टीएफएसआय यांतले आकडे शक्तीची श्रेणी सांगतात, लिटर नव्हे.

सगळ्यात जास्त गोंधळ लँड रोव्हरमध्ये होतो. नव्या गाड्यांवरच्या पी३००, डी३००, पी४०० यांतलं अक्षर पेट्रोल की डिझेल ते सांगतं आणि आकडा अश्वशक्ती. पी३०० डिफेंडर १९९७ सीसीची, चार सिलिंडर. पी४०० म्हणजे २९९६ सीसी, सहा सिलिंडर. पण शेवटी 'ई' लागून पी४००ई झाली की तीच १९९७ सीसीची प्लग-इन हायब्रिड. बॅजवरचं एक अक्षर काढायला दोन मिनिटं लागतात, आणि त्याने दोन सिलिंडरचा फरक पडतो. जुन्या रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये टीडीव्ही६ आणि एसडीव्ही६ ही २९९३ सीसी डिझेल (अगदी सुरुवातीची टीडीव्ही६ २.७ लिटरची), एसडीव्ही८ ही ४.४ लिटर डिझेल, आणि एसव्हीआर म्हणजे ५.० लिटर सुपरचार्ज्ड पेट्रोल. ३.० डिझेलला एसव्हीआरचा बंपर, बॉनेट आणि चार नळ्यांचा सायलेन्सर लावलेल्या गाड्या बाजारात सर्रास फिरतात.

टोयोटात फसवणूक साधी आणि म्हणून जास्त. फॉर्च्युनर ३.० म्हणजे १केडी-एफटीव्ही, २९८२ सीसी. फॉर्च्युनर २.५ म्हणजे २केडी-एफटीव्ही, २४९४ सीसी. नंतरची २.८ म्हणजे १जीडी, २७५५ सीसी. जुन्या इनोव्हातही २केडी, २४९४ सीसीच. पण फॉर्च्युनरमध्ये ते १४४ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) आणि इनोव्हात १०२ पीएसचं. केडी घराण्यातली ही इंजिनं बाहेरून सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, म्हणून इनोव्हाचं इंजिन फॉर्च्युनरमध्ये बसवण्याचा मोह होतो. तिथे सीसी जुळूनही गाडी फसवी असू शकते. शिवाय साध्या फॉर्च्युनरला वरच्या लेजेंडर मॉडेलचं तोंड, ४x२ ला ४x४ चा बॅज, पजेरोला माँटेरोची अक्षरं. थारला जी-वॅगनचं सोंग दिलेलं तर पाहताक्षणी कळतं. त्यावर वेळ घालवू नका.

> खातरजमा: ज्या मॉडेलची, ज्या वर्षाची गाडी आहे त्याचं कंपनीचं माहितीपत्रक मोबाइलवर उतरवून ठेवा. त्यातला सीसी, सिलिंडर आणि इंधन आरसीशी जुळलं, तरच गाडी बघायला निघा. बॅज काय म्हणतो हे इथून पुढे महत्त्वाचं नाही.

टप्पा ३. चेसिस नंबर लोखंडावर वाचा

चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. नंबरात 'ओ' दिसला तर एकतर तुम्ही शून्य चुकीचं वाचलंय किंवा नंबर खोटा आहे. पहिली तीन अक्षरं गाडी बनवणारी कंपनी सांगतात: एसएएल म्हणजे ब्रिटनची लँड रोव्हर, एमबीजे म्हणजे भारतातली टोयोटा. लँड रोव्हरमध्ये दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: एफ म्हणजे २०१५, जी २०१६, एच २०१७, जे २०१८. 'आय' वगळल्यामुळे एचनंतर थेट जे येतं, हे विसरलात तर वर्ष चुकेल. मॉडेल वर्ष उत्पादनाच्या वर्षापेक्षा एकाने पुढे असू शकतं, ते चालतं.

नंबर तीन ठिकाणी वाचा: काचेखालची पट्टी, दाराच्या खांबावरचा स्टिकर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या गाडीत तो बहुधा पुढच्या चाकाजवळ फ्रेमच्या पट्टीवर असतो. चिखल पुसा, कागद ठेवा, पेन्सिल आडवी फिरवून छाप घ्या. आरटीओत ट्रान्सफरला ही छाप लागतेच, म्हणून काम वाया जात नाही. नंबराच्या आजूबाजूला वेल्डिंगची रेघ, ताजा काळा रंग किंवा पुटीचा खरखरीतपणा बोटाला लागला तर पुढचे टप्पे करायची गरज नाही. परत या.

टप्पा ४. इंजिन नंबर ब्लॉकवर वाचा

या टप्प्याला वेळ द्या. अर्धा तास लागला तरी चालेल.

इंजिनावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला काही किंमत नाही. ते चार बटणांवर निघतं आणि कोणतंही बसतं. ते काढून बाजूला ठेवा. नंबर ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य धडावर) असतो, त्याच्यावर बसणाऱ्या हेडवर नाही. जागा मॉडेलप्रमाणे बदलते: कधी गिअरबॉक्सच्या जोडाजवळ, कधी फिल्टरच्या मागे, कधी फक्त खालून दिसणारी. आधी त्या इंजिनाची जागा शोधून ठेवा, नाहीतर मेस्त्री कास्टिंगवरचा पार्ट नंबर दाखवून "हा बघा" म्हणेल. पार्ट नंबर हजारो इंजिनांवर एकच असतो आणि तो ओतकामातून वर उठलेला असतो. इंजिन नंबर सपाट घासलेल्या जागेवर आत कोरलेला किंवा ठोकलेला असतो.

जागेवर ब्रेक क्लीनर मारा, मिनिटभर थांबा, पितळी ब्रशने हळू घासा. पोलादी ब्रश नको आणि ग्राइंडर तर मुळीच नको. पुरावा तुमच्याच हातून जाईल. आता टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरका धरा. कारखान्यातला नंबर एका खोलीचा, एका रेषेत असतो, आणि त्याभोवतीच्या पृष्ठभागावर यंत्राच्या एकसारख्या रेषा असतात. घासून पुन्हा ठोकलेल्या नंबराभोवती ग्राइंडरचे गोल चकचकीत ओरखडे दिसतात, जागा थोडी खोलगट होते, आणि एखादा ३ खोल तर शेजारचा ८ उथळ असतो. हाताने ठोकलेले आकडे एकमेकांकडे झुकलेले असतात. तिरक्या उजेडात फोटो काढून मोठा करून बघा.

नंबराची सुरुवात किंवा त्यातली खूणही बोलते. टोयोटात नंबर १केडी, २केडी, १जीडी अशा इंजिनाच्या नावानेच सुरू होतो. फॉर्च्युनर ३.० च्या ब्लॉकवर २केडी सापडलं की पुढे चर्चाच नको. मर्सिडीजमध्ये सुरुवातीचे आकडे इंजिनाचा प्रकार सांगतात. ६४२ म्हणजे तीन लिटरचं व्ही६ डिझेल. लँड रोव्हरमध्ये ३०६डीटी म्हणजे ३.० डिझेल, ४४८डीटी म्हणजे ४.४ डिझेल, ५०८पीएस म्हणजे ५.० सुपरचार्ज्ड पेट्रोल.

ब्लॉकवर नंबरच नाही, असंही होतं. कंपनीकडून नवीन ब्लॉक येतो तो अनेकदा कोरा असतो. त्यात गुन्हा नाही, पण मग बदलाचं अधिकृत बिल आणि आरटीओची नोंद दोन्ही दाखवलं पाहिजे.

लँड रोव्हरबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २.७ आणि ३.० लिटरच्या व्ही६ डिझेलमध्ये बेअरिंग फिरणं आणि क्रँकशाफ्ट तुटणं हा माहीत असलेला दोष आहे. त्यामुळे डिस्कव्हरी, रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये इंजिन बदललेलं असण्याची शक्यता मुळातच जास्त. बदललंय म्हणून गाडी वाईट नव्हे. चांगल्या बिलासह, नोंदीसह बदललेलं इंजिन मला थकलेल्या मूळ इंजिनापेक्षा बरं वाटतं. बदल लपवला असेल तर मात्र ती गाडी घेऊ नये.

> खातरजमा: ब्लॉकवरचा नंबर, आरसीवरचा नंबर आणि पॉलिसीवरचा नंबर एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. जुळत नसेल तर ब्लॉकवरचा नंबर एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत टाकून चोरीच्या गाड्यांच्या नोंदीत आहे का ते बघा.

टप्पा ५. आजूबाजूच्या खुणा

सिलिंडर मोजा. इंजेक्टर किंवा कॉइल मोजले की झालं: व्ही६ ला दोन्हीकडे तीन-तीन, व्ही८ ला चार-चार. टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) लाल पट्टाही बघा. डिझेलचा पेट्रोल व्ही८ पेक्षा बराच आधी सुरू होतो. खऱ्या एसव्हीआरच्या पुढच्या ब्रेक कॅलिपरला सहा पिस्टन असतात; लाल प्लॅस्टिकची कव्हरं कॅलिपरवर नुसती चढवलेली असतात, नख लावून बघा.

प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमच्या भागांवर घड्याळासारखी छोटी तबकडी ओतलेली असते, बाण महिना दाखवतो आणि मध्ये वर्ष. गाडी २०१४ ची आणि इंजिनाच्या अनेक भागांवर २०१७, तर इंजिन नंतर आलंय. गाडीपेक्षा काही महिने आधीची तारीख मात्र सामान्य आहे.

रॅम्पवर चढवून माउंटिंग बघा: नवीन वेल्डिंग, कापून जोडलेलं ब्रॅकेट, एका बाजूला कंपनीचे बोल्ट आणि दुसऱ्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानातले. वायरिंगवर कापडी टेपऐवजी चमकणारी काळी टेप, मध्येच जोड. ४x४ चा बॅज असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा भाग) आणि पुढचा डिफरन्शियल डोळ्यांनी बघा. ४x२ फॉर्च्युनरखाली ती जागा रिकामी असते.

टप्पा ६. स्कॅनर, पण त्याच्या मर्यादेसह

स्कॅनरवर इंजिन ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), गिअरबॉक्स, क्लस्टर (मीटरचा संच) आणि बॉडी मॉड्यूल यांतला चेसिस नंबर वेगवेगळा वाचा. एखाद्यात दुसऱ्या गाडीचा नंबर निघाला तर ते भाग दुसरीकडून आलेत. इथे लोक चुकतात ते असं: सगळीकडे नंबर जुळला म्हणून इंजिन मूळचं समजतात. इंजिन बदलताना जुनाच ईसीयू ठेवला तर नंबर जुळणारच. म्हणून हा टप्पा चौथ्यानंतर येतो, त्याच्या ऐवजी नाही.

आणखी एक नोंद विसरू नका: दोषाचे कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. ती पाच-दहा किलोमीटर निघाली तर तुम्ही येण्यापूर्वीच कुणीतरी दोष पुसून ठेवलेत.

टप्पा ७. रस्त्यावर

थंड इंजिन सुरू करा, पहिल्या अर्ध्या मिनिटात साखळीचा खडखडाट किंवा खालून ठोका ऐका. मग वाघबीळचा चढ पन्हाळ्यापर्यंत. १०२ पीएसचं इंजिन दोन टनांच्या गाडीत असेल तर या चढावर लपत नाही: गिअरबॉक्स सारखा खाली उतरतो, तापमान वर सरकतं. वर पोचल्यावर मोकळ्या मातीच्या जागेत लो रेंज (४x४ मधला कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर) लावून बघा. डांबरावर लावू नका, ट्रान्समिशनवर ताण येतो. परतताना किणीच्या बाजूला महामार्गावर एकसारख्या वेगात वीसेक मिनिटं, आणि थांबल्यावर पुन्हा बॉनेट उघडून गळती.

टप्पा ८. इंजिन बदललेलं निघालं तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते आणि बदल आरसीवर चढवून घ्यावा लागतो. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ते मालकाला. ट्रान्सफरनंतर मालक तुम्ही असता. अपघात झाला तर नंबर न जुळणं हे इन्शुरन्स कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण.

म्हणून क्रम असा: इंजिनाच्या खरेदीचं जीएसटी बिल आणि बसवल्याचं बिल विक्रेत्याने दाखवायचं. त्यानेच आपल्या नावावर असताना तपासणी करून घेऊन आरसी दुरुस्त करायची. गाडी परजिल्ह्यातली असेल तर ते तिथल्या कार्यालयात. दुरुस्त आरसी हातात आल्यावर व्यवहार, फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर ३५, दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतली असेल तर २८ ची एनओसी. उरलेली मोठी रक्कम त्यानंतर. "आधी ट्रान्सफर करू, ताराबाई पार्कात आमचा एजंट आहे, तो सगळं बघतो" याला नाही म्हणा.

> सावध: दुसऱ्या प्रकारचं इंजिन बसवलं असेल, उदाहरणार्थ डिझेलच्या जागी पेट्रोल व्ही८, आणि त्याला आधी मंजुरी नसेल, तर "नंतर करून घेऊ" या भरवशावर गाडी घेऊ नका.

फक्त बॅज खोटा आणि इंजिन मूळचं असेल तर गाडी घ्यायला हरकत नाही, पण किंमत आरसीवरच्या मॉडेलची द्या. बंपर, बॉनेट, सायलेन्सर यांचे पैसे वेगळे धरू नका. उलट तो सायलेन्सर बदलायचा खर्च वजा करा. करारनाम्यात चेसिस नंबर, ब्लॉकवरून वाचलेला इंजिन नंबर, सीसी आणि "विक्रेत्याच्या माहितीप्रमाणे इंजिन बदललेलं नाही" किंवा "अमुक तारखेला बदललं आहे" हे वाक्य लिहून घ्या, छापेचा कागद जोडा आणि दोघांच्या सह्या त्या छापेवरही घ्या.

टप्पा ९. ट्रान्सफरनंतर

पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नवीन आरसी आली की ती पाकिटात टाकण्याआधी टप्पा ४ मधला कागद काढा आणि इंजिन नंबर पुन्हा बोट ठेवून वाचा. टाइप करताना ८ चा बी किंवा शून्याचा डी झालेला सापडतो. चूक दिसली तर त्याच आठवड्यात अर्ज करा आणि पॉलिसीवरही तोच दुरुस्त नंबर चढवून घ्या.